कॉर्व्हालकरांची तीन गावं

नोव्हेंबरात हॅम्पशायर आणि विल्टशायरच्या खेड्यांत फिरायला जाऊ नये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी घोटाभर चिखलात उभं राहून माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत. दुपारी चारलाच काळोखायला लागतं, निम्मे पब आठवड्याच्या मधल्या दिवसांत बंद असतात आणि शेतातून जाणाऱ्या पायवाटा म्हणजे नुसता राडा. आम्ही गेलो, कारण बाबांचं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं आणि जाण्याआधी त्यांना कॉर्व्हालकरांची तीन गावं बघायची होती.

कॉर्व्हालकर म्हणजे एमरी द कॉर्व्हाल, मध्ययुग संपत आलं होतं तेव्हाचा एक फ्रेंच सरदार. कॉर्व्हालकर हे बाबांनी केलेलं बारसं. बाबा कराडला शाळेत इतिहास शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर देशमुख-देशपांड्यांच्या वतनांच्या इतिहासामागे लागले होते. उन्हाळ्यात ते आमच्याकडे बेसिंगस्टोकला आले. मी आणि निखिल, माझा नवरा, दोघंही दिवसभर मीटिंगमध्ये, म्हणून बाबा लायब्ररीत जाऊन बसायला लागले आणि तिथल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात त्यांना हा माणूस भेटला. वडिलांकडून फ्रान्समधल्या नॉर्मंडीत गढी आणि शेतजमीन, आईकडून इंग्लंडमध्ये तीन गावं. आणि दोन्हीकडच्या राजांचं एकमेकांशी हाडवैर. "अगं, हा तर आपल्या देशमुखांसारखाच निघाला," बाबा त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाले. इकडच्याही दरबारात मुजरा, तिकडच्याही. त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉर्व्हालकरांचा विषय निघाला नाही असा दिवस गेला नाही. निखिल तर वैतागून विचारायचा की सरदार जेवायला थांबणारेत का.

माझं जाण्याचं कारण वेगळं होतं. मला बाबा दोन दिवस गाडीत एकटे हवे होते. त्यांच्याकडून एका गोष्टीला हो म्हणवून घ्यायचं होतं.

थोडक्यात सांगते, कारण यातून गेलेले वाचक बरेच असतील. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी एकुलती एक. बाबा कराडच्या फ्लॅटमध्ये एकटे. त्यांना इथे कायमचं आणायचं तर दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. रोजच्या साध्या कामांनाही त्यांना दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात त्यांना भारतात कुठूनच मिळण्यासारखा नाही. आम्ही अर्ज केला. अर्जासाठीच्या तपासणीला जाताना बाबांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डॉक्टरांनी कसं काय विचारल्यावर "एकदम ठणठणीत, रोज सूर्यनमस्कार घालतो" असं सांगितलं. डॉक्टर त्यांचा विद्यार्थी. विद्यार्थ्यासमोर सर कण्हणार कसे? त्यात समोरच्या दारच्या सुधाकाकूंनी आपण होऊन, भरल्या मनानं लिहून दिलं की सर आम्हाला घरच्यासारखे आहेत, आम्ही त्यांना काही कमी पडू देणार नाही. झालं. ज्या दोन गोष्टी पटवायच्या होत्या, त्या दोन्ही आमच्याच माणसांनी खोडून काढल्या. नकार आला त्यात काकूंचं वाक्य जसंच्या तसं होतं.

स्लाऊच्या वकीलबाई म्हणाल्या, परत अर्ज करता येईल, आशा फार धरू नका, पण शेजारणीनं आता हे आमच्याच्यानं होणार नाही असं म्हटल्याशिवाय कागद हलवण्यात अर्थच नाही. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, सर म्हणाले तर लिहीन. म्हणजे गाडं सरांपाशी येऊन अडलं. आधीचा व्हिजिटर व्हिसा शिल्लक होता म्हणून बाबा सहा महिने येऊ शकले आणि त्या सहा महिन्यांत मी तो विषय काढला की त्यांना हटकून लायब्ररीत जायचं असायचं. गाडीतून कुठे जाणार?

मंगळवारी सकाळी नऊला निघालो. बेसिंगस्टोकहून ए थ्री-ओ-थ्री हा हायवे धरून अँडोव्हरपर्यंत अर्धा तास लागतो, पुढे उत्तरेला वळलं की रस्ते अरुंद होत जातात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि समोरून ट्रॅक्टर आला की आपण मागे जायचं, असा तिथला शिरस्ता. पहिलं गाव मार्लकूम. चर्चशेजारी गाडी फुकट लावता येते. गावात दुकान नाही, टॉयलेट नाही, त्यामुळे अँडोव्हरच्या सुपरमार्केटात सगळं उरकून घ्यावं. हे मी वय वर्षं एकोणऐंशीच्या माणसाला घेऊन गेल्यामुळे शिकले.

मार्लकूम हे कॉर्व्हालकरांचं मेंढरांचं गाव. उघड्या बोडक्या टेकड्या, त्यावर धुकं आणि धुक्यात मेंढ्या. गढीच्या जागी आता कुणाचं तरी मोठं घर आहे आणि फाटकाला नंबरांचं कुलूप. बाबा त्या फाटकाबाहेर उभे राहून मला सांगायला लागले, आणि खरं सांगते, असे बाबा मी वर्षभरात पाहिले नव्हते. लढाई पेटल्यावर इंग्लंडच्या राजानं फर्मान काढलं, की जो फ्रान्सच्या राजाकडे राहील त्याची इथली जमीन जप्त. ज्याला ठेवायची असेल त्यानं इथे येऊन राहावं. मग राजाचा अधिकारी गावोगाव फिरायला लागला. गावात आला की शेजारपाजारचे बारा जण बोलवायचे, देवाची शपथ घालायची आणि विचारायचं, या माणसाची इथे जमीन किती, वारस कोण आणि तो स्वतः आहे कुठे. "गोतसभाच की," बाबा म्हणाले. आपल्याकडे वतनाचा तंटा झाला की गावातले पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसवून साक्ष घ्यायचे, तशीच ही रीत. मार्लकूमच्या बारा जणांनी शपथेवर सांगितलं, की आमचे मालक इंग्लंडातच आहेत, आजारी आहेत, आईपाशी नदीकाठच्या गावात पडून आहेत.

"आणि होते?" मी विचारलं.

"छे. नॉर्मंडीत होते. धडधाकट." बाबांना हसू आवरेना.

हे सांगताना त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. ते वाकले, नाडी हातात धरली आणि तसेच थांबले. बोटांना पुढचं सुचत नव्हतं. मी चिखलात गुडघा टेकून नाडी बांधली. त्यांनी बांधू दिली आणि वर मेंढ्यांकडे बघत राहिले. ज्या माणसानं डॉक्टरला सूर्यनमस्कार घालतो म्हणून सांगितलं, तो हाच माणूस. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं गाडीत बसूनच खाल्लं, कारण बाहेर वारा हातातली पुरी पळवत होता. मी विषय काढला. बाबांनी पुरीचा घास हळूहळू चावला आणि म्हणाले, आधी तिन्ही गावं बघून होऊ देत.

स्टोक कॉर्व्हाल हे दुसरं गाव टेस्ट नदीच्या काठी आहे, स्टॉकब्रिजपासून पंधरा मिनिटांवर. नदी इतकी स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. ही नदी ट्राउट माशासाठी नावाजलेली आहे आणि काठावर मासेमारीचे हक्क असलेल्यांच्या खासगी पाट्या आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसायचा बेत असेल तर विसरा. गावानं सरदाराचं आडनाव अजून ठेवलंय, याचं बाबांना फार कौतुक. राजानं जमीन काढून घेतली पण नाव काढायला कुणाला सुचलं नाही, म्हणाले. पाटीशेजारी मी त्यांचा फोटो काढला. कानटोपी, मफलर, निखिलचं जुनं जॅकेट आणि चेहऱ्यावर शाळेच्या सहलीतला आनंद.

चर्च बंद होतं. दारावर फोन नंबर असतो, त्यावर फोन केला की गावातलंच कुणीतरी येऊन उघडतं. एक उंच, पिकल्या केसांच्या बाई कुत्रं घेऊन आल्या, दिवे लावून दिले आणि बाबांना कॉर्व्हाल माहीत आहे म्हटल्यावर खूश झाल्या. आत डाव्या भिंतीशी सरदाराच्या आईची दगडी मूर्ती आहे. ती उताणी झोपलेली आहे, हात जोडलेले, नाक झिजून गेलंय. देवळाबाहेर चप्पल काढावी तसे बाबांनी बूट काढले. बाईंनी नको म्हटलं तरी मोज्यांवर त्या बर्फासारख्या फरशीवर उभे राहिले.

तिची गोष्ट बाबांनी मला तिथेच सांगितली. म्हातारी या गावची लेक. लग्न होऊन फ्रान्सला गेली आणि विधवा झाल्यावर माहेरच्या गावात परत आली. मुलगा तिकडे. राजाचा माणूस इथे आला तेव्हा इथल्या बारा जणांनी सांगितलं, मालक यात्रेला गेलेत, मेंढरं कातरायच्या दिवसांत परततील. तिसऱ्या गावानंही असंच काहीतरी सांगितलं. म्हणजे तीन गावांतल्या छत्तीस जणांनी एका न आलेल्या माणसासाठी शपथेवर थापा मारल्या. पुढच्या वर्षी राजाचा माणूस न सांगता आला. घरात म्हातारी एकटी. जमीन जप्त झाली, साक्षीदारांना दंड बसला. म्हातारीला तिच्यापुरता तुकडा राहू दिला, त्यावर तिनं मरेपर्यंत गुजराण केली.

"तो आलाच नाही कधी?"

"लढाई थांबली की यायचं ठरवत असेल. तोपर्यंत तिकडची बायको, मुलं, शेतं. येतो येतो म्हणत राहून गेलं असेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या कुत्र्याबद्दल बोलायला लागले. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मला हे प्रवासवर्णन लिहायचं म्हणून मी मनात टिपणं करत होते, ती सगळी बंद पडली. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे असलं ऐकून काय होतं ते मी लिहायची गरज नाही.

मुक्काम स्टॉकब्रिजजवळच्या एका बी अँड बीमध्ये, म्हणजे नाश्त्यासकट खोली देणाऱ्या घरात, केला. दोन सिंगल खोल्या, स्वच्छ, गरम पाणी भरपूर. नोव्हेंबरात दर उतरलेले असतात. शाकाहारी असाल तर जेवणात मश्रूमशिवाय काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पबमध्ये आम्हाला बेक केलेला बटाटा आणि बीन्स मिळाले, त्यावर मी पर्समधलं तिखट घातलं.

सकाळी नाश्त्याला बाबा नीट आवरून आले, बीन्स सकाळीही का असतात यावर मालकीणबाईंशी इंग्रजीत विनोद केला आणि चष्मा आणायला वर गेले. बराच वेळ झाला म्हणून मी गेले तर ते दुसऱ्याच खोलीत पलंगाच्या कडेवर बसलेले. खोली कुठल्याशा जोडप्याची होती. खुर्चीवर बाईचे कपडे, आरशापाशी मेकअपचं सामान. बाबा हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. मला बघून म्हणाले, "माझी बॅग कुणीतरी हलवलीय." मी हात धरून त्यांच्या खोलीत नेलं. बॅग जिथल्या तिथे. तेव्हा म्हणाले, या इमारतीची रचनाच गोंधळाची आहे. इमारतीत वर तीन खोल्या होत्या.

तिसरं गाव विंटरडीन. सॉल्झबरी सोडून पश्चिमेला वायली नदीच्या खोऱ्यात जायचं आणि शेवटचा मैलभर चालायचं, कारण ते गाव आता नाहीच. साथ आली, लोक मेले, उरलेले निघून गेले. आता ते एक मोठं कुरण आहे आणि गवताखाली घरांचे उंचवटे आणि रस्त्यांचे खड्डे तेवढे दिसतात. फोटोत काहीही येत नाही. गमबूट हवेतच, साध्या बुटांनी जाऊ नका. मी बाबांना गमबूट घ्यायला हवे होते, त्यांनी माझ्या बुटांना काय झालंय म्हणून ऐकलं नाही आणि मी हट्ट केला नाही.

कुरणाच्या मध्यावर बाबा मला दाखवत होते, हा बघ गावाचा मुख्य रस्ता, ही बघ विहीर असणार, आणि बोलता बोलता घसरले. पडले असंही नाही, बसलेच खाली. लागलं नव्हतं. मी हात दिला. ते अर्धवट उठले आणि परत बसले. मी मागून काखेत हात घालून उचलायला गेले तर मीही बसले. पाऊस बारीक लागला होता. आम्ही दोघं चिखलात, आसपास चिटपाखरू नाही, आणि बाबा म्हणतायत, थांब जरा, दम घेऊ दे, मग उठतो. दोनदा दम घेऊन झाला. त्यांचे हात थरथरत होते. मला कधी नव्हे इतकी भीती वाटली. हेच कराडच्या बाथरूममध्ये झालं तर, हे एकच डोक्यात.

शेवटी दोन कुत्री घेऊन एक माणूस कुंपण ओलांडून आला. शेतकऱ्यासारखा दणकट. त्यानं बाबांना मागून धरून एका झटक्यात उभं केलं, अंगावरचा चिखल झटकला आणि गाडीपर्यंत हात धरून आणलं. वाटेत त्यानं साधेपणानं विचारलं, वडील तुझ्याबरोबरच राहतात ना? मी काही बोलायच्या आत बाबांनी उत्तर दिलं. कमरेपर्यंत चिखल, दात वाजतायत, आणि स्वच्छ शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, मी भारतात राहतो, माझं सगळं मी स्वतः करतो. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि चांगलं आहे म्हणाला.

गाडीत हीटर लावला, त्यांच्या गुडघ्यांवर टॉवेल टाकला, फ्लास्कमधला चहा दिला. कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता त्यांना. मग मी बोलले.

"बाबा, छत्तीस लोकांनी त्या माणसासाठी शपथ घेऊन खोटं सांगितलं. मी तर तुमच्याकडे खोटं मागतच नाहीये. आत्ता काय झालं ते पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

"मग?"

"माझं काय लिहायचं ते लिही. उठता येत नाही, नाडी बांधता येत नाही, खोली चुकतो, लिही सगळं. पुढच्या वेळी डॉक्टरपुढेही खरं ते सांगीन." म्हणजे खोलीचं त्यांना कळलं होतं. सगळं कळत होतं. "पण सुधाताईंकडे मी हे मागणार नाही."

"वन लाइन आहे बाबा. त्यांचं वय झालंय, त्यांना जमत नाही, एवढंच. इट्स नॉट इव्हन अ लाय."

"तुझी आई गेल्यापासून त्या बाईनं माझा डबा एक दिवस चुकवला नाही. या माणसाचं माझ्याच्यानं होत नाही, अशी सही त्यांनी दुपारी करायची आणि संध्याकाळी डबा घेऊन यायचं? मी दार कसं उघडू? आणि इथल्यांनी परत नाहीच म्हटलं, तर मला तिथेच राहायचंय. त्यांच्या शेजारी."

मी ओरडले. लिहायला लाज वाटते, पण ओरडले. सुधाकाकू माझ्यापेक्षा जवळच्या झाल्या का, असंच विचारलं. काच धुक्यानं भरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. "मला यायचंय गं," ते म्हणाले. "तुला काय वाटतं, मला तिथे एकट्यानं मरायची हौस आहे? यायचंय मला. पण असं नाही." आणि थोड्या वेळानं, हीटर कमी कर म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर स्टोनहेंज लागतं. ए थ्री-ओ-थ्रीवरून, गाड्यांच्या रांगेतून ते फुकटात दिसतं, तिकीट काढून वेगळं काही दिसतं असं मला तरी वाटत नाही. बाबा झोपले होते, मी उठवलं नाही.

पुढच्या मंगळवारी हीथ्रोला सोडलं. व्हीलचेअर सांगून ठेवली होती. बाबांनी ती पाहून मान हलवली, पण बसले. त्यांना ढकलत नेणाऱ्या मुलीला ते काहीतरी समजावून सांगत होते, हातवाऱ्यांवरून कॉर्व्हालकरच असावेत. सिक्युरिटीच्या दारापाशी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कारण खुर्चीतून मागे वळता येत नाही. मी घरी आले, त्यांच्या खोलीतली चादर धुवायला टाकली आणि मशीनसमोर जमिनीवर बसून राहिले. निखिल येऊन शेजारी बसला. बर्मिंगहॅमच्या माझ्या डॉक्टर मावसबहिणीनं पूर्वीच सांगितलं होतं, की आशा धरू नकोस, मी माझ्या आईला आणू शकले नाही आणि मी इथल्या लोकांच्या आया सांभाळते. तेव्हा मला ते कडवट वाटलं होतं.

हे लिहायला जानेवारी उजाडला, कारण मधे सुधाकाकूंचा फोन आला. त्यांच्या मुलानं हैदराबादला मोठं घर घेतलंय. काकांचं डायलिसिस सुरू झालंय, तर आता दोघांनी तिकडेच यायचं असं ठरलंय. त्यांनी आपला कराडचा फ्लॅट विकला. त्या रडत होत्या. मला म्हणाल्या, सरांना सांगायला दारापर्यंत तीनदा गेले आणि परत आले. मग म्हणाल्या, आता तुला पाहिजे ते लिहून देते.

मी इतके महिने ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं आणि मला त्याचा आनंद घेता आला नाही. डब्याला एक बाई लावून दिलीय, पण ती सकाळी येऊन जाते. संध्याकाळी समोरच्या दाराला कुलूप असतं. बाबा म्हणतात, त्या दाराचं पायपुसणं अजून तिथेच आहे.

वकीलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, केस पूर्वीपेक्षा बरी आहे, पण बरी म्हणजे फार नव्हे, वडिलांना काही कबूल करू नका. मी केलं नाही. फक्त शनिवारी फोनवर विचारलं, की आता परत अर्ज करू का. बाबांचा आवाज लांबून आल्यासारखा होता. म्हणाले, कर. आणि काय लिहितेस ते मला मराठीत वाचून दाखव.

सहलीतून काय उरलं, असं अशा लेखांच्या शेवटी लिहायचं असतं. पाटीशेजारचा एक फोटो उरला. आणि विंटरडीनच्या कुरणात थरथरणारे ते हात, जे अजून माझ्या हातांना जाणवतात. तुम्ही जाणार असाल तर मे महिन्यात जा, आणि वडील बरोबर येऊ शकत असतील तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. एवढंच सांगू शकते.

काल संध्याकाळी मी अर्जाचा पहिला परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, "माझ्या वडिलांना कराडमध्ये कुणी नाही." बाबांनी ते वाक्य परत वाचायला लावलं.

"कुणी नाही असं नको लिहूस," बाबा म्हणाले. "कुणी उरलं नाही, असं लिही."

मी तसं लिहिलं.